पाटी धरणारा ससा
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी पुनरुत्थानसणाचा पाठ)

वाचन: मार्क १६:१-८, योहान २०:११-१८, प्रे. कृत्ये १०:९-१६; १ करिंथ १५:१२-२०.



काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत मुलांकडून लाकडाचे ससे रंगवून घेतले. ईस्टरच्या सकाळी १४ मुले आपापला ससा छातीशी धरून रांगेने मंदिरात आली. वडीलधाऱ्यांनी कौतुक केले, आयांनी डोळे पुसले. उपासना संपल्यावर आम्ही मुलांना सहज विचारले, "आज आपण आनंद का करतो?" सहा वर्षांच्या एका मुलीने सर्वांआधी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "ससा अंडी घेऊन येतो म्हणून!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू घशात अडकले. त्या मुलीची काहीएक चूक नव्हती. तीन रविवार आम्ही तिच्या हातात ससा दिला होता आणि रिकाम्या कबरेची हकिगत पाच मिनिटांत आटोपली होती. मूल हातात दिलेली गोष्ट लक्षात ठेवते, कानावरून गेलेली नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की, ख्रिस्त उठला नसेल तर आपली घोषणाही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. ज्यावर सर्व काही उभे आहे ती एक गोष्ट आमच्या वर्गात सशाच्या मागे झाकली गेली होती.

त्याच दुपारी मंडळीतील एक आजीबाई आम्हाला दारात अडवून म्हणाल्या, "भाऊ, सशाचा आणि प्रभूच्या उठण्याचा संबंध काय?" आमची धर्मशास्त्राची पदविका भिंतीवर टांगलेली होती, पण उत्तर काही सुचेना. त्यातच संध्याकाळपर्यंत १४ पैकी ९ सशांचे कान मोडल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे आमचे लाकूडही चुकले होते आणि शिकवणेही चुकले होते. दोन्ही कसे दुरुस्त केले ते या पाठात सांगत आहोत.

१. ससा आला कोठून?

शिक्षकाने आधी हे स्वतः समजून घ्यावे, कारण मुले विचारतील आणि पालक मुलांहून जास्त विचारतील.

पवित्र शास्त्रात पुनरुत्थानाच्या हकिगतीत ससा कोठेही नाही. ससा येतो तो लेवीय ११:६ आणि अनुवाद १४:७ येथे, आणि तोही इस्राएल लोकांनी खाऊ नये अशा अशुद्ध प्राण्यांच्या यादीत. स्तोत्र १०४:१८ आणि नीतिसूत्रे ३०:२६ यांत खडकात राहणारा एक लहान प्राणी आहे. काही भाषांतरांत तेथे ससा आलेला दिसला तरी तो प्राणी ससा नव्हे, निराळाच आहे. तेव्हा ससा हे पवित्र शास्त्रातील चिन्ह आहे असे मुलांना सांगू नये. दुसऱ्या बाजूने, अशुद्ध म्हणून त्याला घाबरण्याचेही कारण नाही. पेत्राला यापो येथे धाब्यावर झालेला दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. देवाने जे शुद्ध केले त्याला निषिद्ध म्हणण्याचा अधिकार आपला नाही.

मग ईस्टरला ससा कसा चिकटला? तो जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातील लोकरीतीतून आला. गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ नावाच्या एका वैद्याने १६८२ साली ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. ईस्टरचा ससा बागेत, गवतात अंडी घालून लपवतो आणि मुले ती शोधतात, अशी आल्सास व आसपासच्या भागातील समजूत त्याने त्यात नोंदवली आहे. पुढे १८व्या शतकात जर्मन वसाहतवाले अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेले तेव्हा ही रीत त्यांच्याबरोबर गेली. तेथली मुले आपल्या टोप्या उलट्या ठेवून सशासाठी घरटी करीत. इंग्रजी पुस्तके, चित्रे आणि भेटकार्डे यांच्या वाटेने तो आपल्याकडे पोचला.

अंड्याचे कारण सोपे आहे. मध्ययुगात उपवासकाळाच्या ४० दिवसांत अंडी खाण्यास मनाई असे. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसत! साठलेली अंडी ईस्टरला बाहेर निघत, रंगवली जात, वाटली जात. ती कोण आणते, याची उत्तरे गावोगाव निराळी होती. जर्मनीत वेस्टफालियाच्या बाजूला कोल्हा आणी, स्वित्झर्लंडच्या काही भागांत कोकीळ आणी. ससाच का, यावर एक तर्क असा मांडला जातो की, युरोपातील रानससा बीळ करत नाही, तो उघड्या शेतात जमिनीवरच्या खळग्यात बसतो. आपल्या टिटवीची तिकडची बहीणही तशीच उघड्या जमिनीवर अंडी घालते. ससा उठून पळाला आणि जवळच अंडी दिसली, तर मुलांनी काय समजावे?

आता एक गोष्ट विशेष लक्षपूर्वक वाचावी. पुष्कळ पत्रकांत छापलेले असते की, ससा हे ईस्टर नावाच्या विदेशी देवीचे वाहन होते, म्हणून ख्रिस्ती घरात तो ठेवणे पाप आहे. यातले किती खरे आहे? इंग्लंडमधील बीड नावाच्या मठवासी विद्वानाने इ. स. ७२५ च्या सुमारास लिहिले की, एका महिन्याचे नाव ईओस्त्रे या देवीवरून पडले होते. त्या देवीविषयी प्राचीन लेखी उल्लेख हा एवढाच. त्यात ससाही नाही आणि अंडेही नाही. याकोब ग्रिम याने १८३५ मध्ये तिच्याशी जुळणाऱ्या जर्मन देवीची कल्पना मांडली. १८७४ मध्ये आडोल्फ होल्ट्समान याने आधी कबूल केले की ईस्टरच्या सशाचा उलगडा आपल्याला होत नाही, आणि मग तो त्या देवीचा प्राणी असावा असा अंदाज केला. तोच अंदाज पुढे पक्की हकिगत म्हणून सांगितला जाऊ लागला. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा सशाच्या बाबतीतही पाळली पाहिजे. शिवाय आपल्या सणाचे मूळ नाव हे नव्हेच. ग्रीक, लॅटिन आणि कित्येक भाषांतून या सणाला वल्हांडणावरून पडलेले पास्का हेच नाव आहे.

तर आजीबाईंना द्यायचे खरे उत्तर हे: सशाचा प्रभूच्या उठण्याशी संबंध नाही. तो परक्या मुलखातील मुलांचा खेळ आहे, पापी नाही आणि पवित्रही नाही. खेळाला खेळाच्या जागी ठेवले तर तो सेवा करतो. पुनरुत्थानाच्या जागी ठेवले तर मात्र तो लेकरांची चोरी करतो.

२. लाकडी सशांचे एक गाव

लाकडाचे रंगीत ससे जेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले त्या मुलखाची ओळख मुलांना करून द्यावी. जर्मनीच्या साक्सनी प्रांतात, चेक सरहद्दीलगत, एर्त्सगेबिर्गे नावाची डोंगररांग आहे. नावाचा अर्थच 'खनिजाचे डोंगर'. या खाणमुलखाचा २०१९ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथील झायफेन गावात कथिलाच्या खाणी होत्या. खनिज कमी होत गेले तसे खाणकामगारांनी डोंगरातले लाकूड हाती घेतले आणि ते कातारी झाले. गावात १७७९ साली पूर्ण झालेले अष्टकोनी लूथरन मंदिर आजही उभे आहे.

तेथील प्राणी बनवण्याची एक रीत अशी आहे की ऐकून आपण थक्क होतो. स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या खोडाची जाड चकती लेथवर चढवतात आणि पटाशीने तिला खाचा व गोलाई देत जातात. शेवटी लाकडाची बांगडीसारखी कडी तयार होते. प्राणी कोठेच दिसत नाही. मग ती कडी सुरीने उभी फोडली की प्रत्येक तुकड्याच्या बाजूला गाय, घोडा किंवा ससा असा आकार प्रकट होतो! एका कडीतून अनेक प्राणी निघतात. कातारी काम करतो तेव्हा त्याला फक्त कडी दिसते. आतला आकार तो हाताच्या सवयीने आणि मनात धरून कातत असतो.

परंतु या गोड खेळण्यांची एक कडू बाजूही सांगावी. १९व्या शतकात हा धंदा घरोघरी चाले, व्यापारी भाव पाडून घेत, आणि पोट भरण्यासाठी लहान मुलेही खेळणी कोरायला, रंगवायला बसत. दुसऱ्यांच्या मुलांसाठी खेळणी करता करता त्यांचे स्वतःचे खेळायचे वय निघून जाई. म्हणून आमचा एक नियम आहे: मंडळीच्या विक्रीसाठी मुलांकडून डझनावारी ससे करवून घ्यायचे नाहीत. एक मूल, एक ससा, आणि तो त्याच्या घरी.

३. कृती

आपला ससा लेथवर होत नाही, फळीतून कापला जातो. तो समोर तोंड करून उभा आहे आणि त्याने पोटाशी एक पाटी धरली आहे.

साहित्य: सुमारे १८ मिलिमीटर जाडीची फळी. शिवण, आंबा किंवा देवदारी खोक्याचे लाकूड चालेल. मालाच्या खोक्यावर 'एम. बी.' या इंग्रजी अक्षरांचा शिक्का असेल तर ते लाकूड विषारी धुरी दिलेले असते, ते घेऊ नये. 'एच. टी.' म्हणजे उष्णता दिलेले, ते चालते. याशिवाय ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा, बारीक पात्याची कमानीची करवत, कानस, ८०, १२० व १८० नंबरचा पॉलिश पेपर, लाकूड चिकटवण्याचा पांढरा गम, ४० मिलिमीटर लांबीचे दोन स्क्रू, अस्तराचा रंग, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आणि दोन कुंचले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या जवळ लाकडी कामाचे मोठे कसबी लोक आहेत. बेळगावकरांना गोकाक आहे, गोव्याच्या वाचकांना सावंतवाडीची चितार आळी आहे, बडोदेकरांना संखेडा, हैदराबादकरांना निर्मल. करवत चालवणारे कोणी मंडळीत नसेल तर अशा कारागिराकडून किंवा जवळच्या सुतारमिस्त्रीकडून रास्त मजुरी देऊन ससे कापून घ्यावेत. फुकट मागू नये. आपला प्रभू सुतार होता.

आकृती: जाड कागद मध्यावर दुमडून अर्धा ससा काढावा आणि दोन्ही घड्या एकदम कापाव्यात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. एकूण उंची २० सेंटिमीटर: अंग ९, डोके ५, कान ६. अंगाची रुंदी ९ सेंटिमीटर, डोक्याची ६. तळ सपाट ठेवावा. प्रत्येक कान निदान २ सेंटिमीटर रुंद असावा आणि दोन्ही कान खालच्या दीड सेंटिमीटरपर्यंत एकमेकांना जोडलेले असावेत.

लाकडाची रेषा: आमचे नऊ कान येथे मोडले. फळी वाया जाऊ नये म्हणून आम्ही ससे आडवे आखले होते, त्यामुळे लाकडाच्या रेषा कानाला आडव्या गेल्या. मोडलेला कान हातात घेऊन एक वृद्ध मिस्त्री आम्हाला म्हणाले, "रेषेवर कापलं तर लाकूड साथ देतं. रेषेला आडवं गेलात तर बोटानंसुद्धा मोडतं." म्हणून रेषा कानाच्या टोकापासून तळापर्यंत उभ्या धावतील असाच ससा आखावा. गाठ असेल तेथे कान येऊ देऊ नये.

कापणे: हे काम मोठ्यांचेच. फळी शिकंज्यात घट्ट धरून आधी कानांमधली फट कापावी, मग बाहेरचा आकार. फट शेवटी कापली तर सुटे झालेले कान थरथरतात आणि मोडतात. बैठकीसाठी त्याच फळीचा १४ बाय ९ सेंटिमीटरचा तुकडा आणि पाटीसाठी प्लायवूडचा ८ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा.

घासणे: हे मुलांचे काम. ८० नंबरने सुरुवात, १८० ने शेवट, आणि नेहमी रेषेच्या दिशेने. डोळे मिटून बोट फिरवून पाहायला सांगावे. डोळ्यांना न दिसणारी कुसळे बोटाला कळतात.

जोडणे: बैठकीला खालून दोन भोके पाडून स्क्रू वर सशाच्या तळात घ्यावेत. सशातही आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर लाकूड फाटते. रेषा जेथे संपतात त्या तोंडाशी स्क्रू तितका घट्ट बसत नाही, म्हणून गमही लावावा.

रंग: अस्तराचा एक हात देऊन डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यावर हलकेच घासून रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात देऊ नये, तो ओघळतो. पाटीला दोन्ही बाजूंनी पांढरा रंग द्यावा आणि वाळल्यावर पोटावर चिकटवावी. मग पाटीच्या कडांवर दोन लहान लंबगोल रंगवले की सशाने पाटी धरल्यासारखे दिसते. डोळे कुंचल्याच्या मागच्या टोकाने ठिपका देऊन करावेत. घरात पडून असलेले जुने तैलरंगाचे डबे मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. २०१६ साली केंद्र सरकारने घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएम इतकी मर्यादा घातली. त्याआधीच्या रंगांत शिसे कितीतरी अधिक असू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते अपाय करते.

४. पाठ कसा द्यावा

पहिल्या वर्षी आम्ही ससा आधी दिला आणि हकिगत नंतर सांगितली. आता क्रम उलटा आहे. झावळ्यांच्या रविवाराच्या आधीच्या रविवारी मुलांना सशाचे नावही काढत नाही. मार्काचा १६वा अध्याय वाचतो. पहाटे निघालेल्या त्या स्त्रिया, त्यांच्या हातातील सुगंधी द्रव्ये, आणि दगड कोण लोटणार ही त्यांची चिंता मुलांकडून पुन्हा सांगून घेतो. मग लाकूड हाती देतो आणि घासायला बसवतो. हात चालू असले की मुले बोलतात, आणि मरणाविषयीचे प्रश्नही तेव्हाच विचारतात. "आजोबा पण उठतील का?" असा प्रश्न आम्हाला पॉलिश पेपरच्या खरखरीतच ऐकू आला. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. हातातले काम खाली ठेवावे, मुलाकडे पाहावे आणि १ करिंथ १५:२० त्याच्याबरोबर उघडावे.

झावळ्यांच्या रविवारी अस्तर. त्या आठवड्यातील बुधवारी रंग, आणि पाटी चिकटवणे. उत्तम शुक्रवारी काम बंद. ससा मुलांच्या घरी जातो तो पांढऱ्या, कोऱ्या पाटीसकट. मुले हटकून विचारतात, "यावर काय लिहायचं?" आम्ही एवढेच सांगतो, "अजून बातमी आलेली नाही." शुक्रवार आणि शनिवार पाटी कोरीच राहते. शिष्यांच्या त्या दोन दिवसांत त्यांच्याजवळही सांगण्यासारखे काही नव्हते, हे मोठ्यांनाही कोऱ्या पाटीवरून ध्यानात येते.

रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर मंदिराच्या अंगणात रंग आणि कुंचले मांडलेले असतात. योहानाचा २०वा अध्याय वाचला जातो. मग्दालीया मरियेने जाऊन शिष्यांना प्रभूला पाहिल्याचे सांगितले, त्या वचनापाशी वाचन थांबते, आणि प्रत्येक मूल आपल्या हाताने पाटीवर लिहिते: ख्रिस्त उठला आहे. अक्षर वाकडे आले तरी शिक्षकाने सुधारू नये.

सशाची जागा घराच्या खिडकीत किंवा दारात. प्रभुभोजनाच्या मेजावर तो ठेवू नये, आणि वेदीजवळच्या क्रूसापाशीही नको. आमच्या आळीत हिंदू व मुसलमान शेजारी आहेत. त्यांची मुले सशाकडे पाहून थांबतात आणि पाटी वाचतात. पुढचे सांगणे घरच्या मुलांचे.

पुढल्या वर्षी त्या मुलीने अक्षरे एवढी मोठी काढली की 'ख्रिस्त उठला' एवढ्यातच पाटी भरली आणि 'आहे' खाली बैठकीवर उतरले. आम्ही तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही. ती वाटेत भेटेल त्याला पाटी दाखवत चालली होती. आजीबाईंनीही नातवाचा ससा आपल्या खिडकीत ठेवला आहे. "ससा मला अजून पटलेला नाही, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण पाटी पटली." आम्हालाही एवढेच हवे होते.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत सणाच्या कोणत्या सजावटी मूळ हकिगतीला मदत करतात, आणि कोणत्या तिला झाकतात?
२. मरण पावलेल्या आप्तांविषयी मुलाने विचारले तर १ करिंथ १५ च्या आधारे आपण साध्या शब्दांत काय सांगू?
३. एखादी गोष्ट 'विदेशी' किंवा 'पापी' म्हणण्याआधी ती खरी आहे की नाही हे आपण तपासतो काय?
४. आपल्या घराच्या दारातून शेजाऱ्यांना पुनरुत्थानाची बातमी कशी कळते?

प्रार्थनेचा विषय: शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या सर्व बंधुभगिनींसाठी, आणि या वर्षी ज्या घरांत मरणाचे दुःख ताजे आहे त्या घरांतील लेकरांसाठी.